सिराकूझाचा कान आणि वरदचा उजवा गुडघा

सहलीला निघताना माणसाने ताजंतवानं असावं म्हणतात. मी निघाले तेव्हाच दमलेली होते, त्यामुळे या लेखात कुणाला हुरूप वगैरे सापडला नाही तर आधीच माफी मागते. सिंगापुरात, नोव्हेनातल्या एका हॉस्पिटलात मी फिजिओथेरपिस्ट आहे. गुडघे बदललेल्या लोकांना पुन्हा चालायला शिकवणं हे माझं काम. दिवसभर दुसऱ्यांना "उठा, बसा, वाका" सांगायचं आणि स्वतः उभं राहायचं, मग एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, उभं राहायचं, आणि सेंगकांगला घरी पोचलं की ओट्याशी उभं राहायचं. डिसेंबर उजाडेपर्यंत माझ्यात काही राम उरला नव्हता.

तरी निघालो, कारण वर्ष सरलं की वरद जाणार होता. वरद आमचा एकुलता एक, अठरा वर्षांचा. माझे वाचक बरेचसे पुण्या-मुंबईचे, म्हणून सांगते. आम्ही इथे पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना, घेतलं तेव्हा तो बालवाडीत होता, आणि इथे वाढलेल्या पीआर मुलग्यांना शाळा-कॉलेज आटोपलं की दोन वर्षं सैन्यात काढावी लागतात. त्याला इथे सगळे नुसतं एनएस म्हणतात, जणू काही दाढ काढायचीय. परीक्षा संपली, बोलावणं आलं, आणि बँकेतल्या आकड्यांखेरीज कशानेही न हलणारा माझा नवरा शिरीष स्वतःहून म्हणाला, "एकदा तिघं मिळून कुठेतरी जाऊन येऊ."

गाव वरदने निवडलं. त्याने इतिहास घेतला होता आणि अथेन्सच्या सैन्याची जिथे पार धूळधाण झाली ते गाव त्याला बघायचं होतं. सिसिली बेटावरचं सिराकूझा. मुलगा सैन्यात जायच्या तोंडावर पराभव बघायला निघालाय हे मला काही शुभ वाटलं नाही, पण अठराव्या वर्षी मुलाने आईबापांबरोबर कुठेतरी यायची तयारी दाखवली यातच आनंद मानायचा असतो.

माझा या सहलीमागे एक हेतू होता, आणि तो म्हणजे वरदचा उजवा गुडघा. काही वर्षांपूर्वी शाळेत फुटबॉल खेळताना तो पडला, आतला एक बंध दुखावला, आणि तेव्हापासून रोज संध्याकाळी मी त्या गुडघ्याला तिळाचं तेल चोळते. हॉस्पिटलात मी अल्ट्रासाउंडचं मशीन लावते आणि घरी आईने शिकवलेलं तेल लावते, यावरून शिरीष मला भरपूर चिडवून झालाय. पण सैन्याच्या मेडिकलला या पठ्ठ्याने गुडघ्याचं नावही काढलं नाही. तिथे शरीराची प्रत ठरते. प्रत जरा खालची आली की मुलाला कचेरीत किंवा कोठारात काम मिळतं, चांगली आली की पाठीवर ओझं घेऊन जंगलात. पुन्हा तपासणी मागता येते. आमच्या हॉस्पिटलातला एक डॉक्टर चिठ्ठी द्यायलाही तयार होता. फक्त वरदने हो म्हणायला हवं होतं, आणि घरी विषय काढला की तो "इट्स ओके लाह, आई, थोडंच दुखतं" म्हणून कानात इअरफोन घालायचा. सहलीत कुठे पळून जाईल, असा माझा हिशेब.

आता कामाचं. सिंगापुराहून सिसिलीला थेट विमान नाही. मध्ये एकदा बदलून कटानियाला उतरायचं. शाळांच्या सुट्ट्यांत तिकिटं महागच मिळतात, त्याला इलाज नाही. कटानियाच्या विमानतळाबाहेरून सिराकूझाची बस सुटते, तासा-सव्वातासाचा रस्ता आहे. टॅक्सीवाले अंगावर येतील, त्यांच्याकडे लक्ष देऊ नका. बस स्वच्छ असते, आणि डाव्या हाताला अधूनमधून समुद्र दिसतो असं शिरीष सांगतो. मी झोपले होते.

जुनं गाव बाकीच्या शहराला पुलांनी जोडलेल्या एका चिमुकल्या बेटावर आहे. त्याला ओर्तिजिया म्हणतात. आम्ही तिथेच एक फ्लॅट भाड्याने घेतला होता. फोटोत दिसलं नाही ते हे, की तो तिसऱ्या मजल्यावर होता आणि लिफ्ट नव्हती. बॅगांचं वजन काही कमी नव्हतं, कारण मी छोटा राइस कुकर, तांदूळ, मुगाची डाळ, मेतकूट, भडंग आणि लसणीची चटणी घेतली होती. आम्ही मराठी माणसं रोमन साम्राज्य बघायला जाऊ, पण मेतकूट-भात बरोबर नेऊ. हे सगळं वरदच्या पाठपिशवीत होतं. मी त्याच्या मागून जिना चढत त्याच्या उजव्या पायाकडे बघत होते. पाऊल पूर्ण टेकतोय का, कठड्याला हात लावतोय का. तो एकेक पायरी गाळून वर गेला. घरमालकीण सिन्योरा सत्तरीच्या पुढची होती आणि तिला इंग्रजी येत नव्हतं. तिने माझा चेहरा बघितला, खुर्ची ओढून माझ्यापुढे ठेवली आणि मी बसेपर्यंत किल्ली दिली नाही. मी टेकल्यासारखं केलं आणि किल्ली हातात पडताच उठले.

दुसऱ्या दिवशीपासून मी सहा-सात-आठ सुरू केलं. मराठी टूरबरोबर एकदा तरी गेलेल्यांना हे ठाऊक असतं. सहाला उठायचं, सातला नाश्ता, आठला दाराबाहेर. एवढे पैसे खर्चून आलोय तर सगळं बघून घ्यायला नको का. अडचण एवढीच की सिसिलीला हे वेळापत्रक कुणी कळवलं नव्हतं. आठ वाजता ओर्तिजियात आम्ही तिघं, झाडूवाला आणि मांजरं. डिसेंबरात अंधार लवकर पडतो, थंडी बोचरी नसते पण समुद्रावरचा वारा कानात शिरतो, आणि दुपारी एकनंतर दुकानं धडाधड बंद होतात ती चारनंतर उघडतात. जेवणाच्या जागा रात्री साडेसाताच्या आधी दारही उघडत नाहीत. जाणार असाल तर माझा सल्ला असा की सकाळी झोपा. मी झोपले नाही.

सकाळचा बाजार मात्र चुकवू नका. मासे, संत्री, लिंबं, वाळवलेले टोमॅटो, आणि ओरडणारे विक्रेते. एकाने वरदला संत्र्याची फोड दिली आणि मला हाताने खूण केली, याला खाऊ घाल, किती बारीक आहे. परक्या गावातसुद्धा आईलाच बोल लावतात. कॉफीचंही सांगून ठेवते. इथे काउंटरपाशी उभ्याने प्यायली तर कॉफी एक-दीड युरोत मिळते, टेबलाशी बसलात की किंमत वाढते. हे कळल्यावर मला फार बरं वाटलं. उभं राहण्यात माझा हात कोण धरणार. वरद म्हणाला, "आई, जस्ट सिट लाह, मी देतो." त्याच्याकडे सुट्टीतल्या नोकरीचे पैसे होते. मी म्हटलं, उगाच कशाला, दोन घोटांचं तर काम आहे.

त्या दिवशी कथेड्रल बघितलं. बाहेरून ते चर्च आहे, आत गेलात की भिंतींतून जाडजूड ग्रीक खांब बाहेर आलेले दिसतात. मूळ तिथे अथेनाचं देऊळ होतं. ते पाडायच्या ऐवजी लोकांनी खांबांच्या मधल्या फटी दगडांनी भरून घेतल्या आणि त्याचंच चर्च केलं. शिरीष म्हणाला, पाडायचा खर्च वाचवला, हुशार लोक. मी मात्र एका खांबाजवळ बराच वेळ उभी राहिले. तो उघडउघड कललेला आहे. भूकंपांनी हललेला. भिंतीने धरून ठेवलंय म्हणून उभा, नाहीतर कधीच आडवा झाला असता. असे लोक मी रोज बघते. वॉकर काढून घेतला की त्यांचं खरं काय ते दिसतं. मी तसं म्हटलं तर वरद माझ्याकडे जरा निरखून बघत राहिला. मला वाटलं, खांबाचा कंटाळा आला असेल.

संध्याकाळी फ्लॅटवर कुकर लावला आणि नेहमीसारखं त्याला म्हटलं, "आण तो पाय, घटकाभर टेकते मी पण." त्याने सोफ्यावर उजवा पाय पसरला. तेल मी छोट्या बाटलीत आणलं होतं. गुडघ्याची वाटी फिरवून बघितली, सांधा वाकवून बघितला, चोळलं. दुखतंय का विचारलं तर म्हणाला, थोडंसं, आतल्या बाजूला. मी लगेच धागा पकडला, हेच तर म्हणतेय मी, रोज दुखतंय तर तपासून घ्यायला काय हरकत आहे. त्याने डोळे मिटून घेतले. शिरीष खिडकीजवळून म्हणाला, "अगं, त्याचं त्याला ठरवू दे." नवऱ्यांना हे एक वाक्य जन्मतःच येतं.

तिसऱ्या दिवशी नेआपोलिसला गेलो. म्हणजे पुराणवस्तूंचं मोठं पार्क. ओर्तिजियापासून चालत अर्धा-पाऊण तास लागतो, शहर बसही जाते. आम्ही चाललो, कारण मी म्हटलं चालू. तिकीट माणशी वीस युरोच्या आत होतं, हिवाळ्यात पार्क लवकर बंद होतं, सकाळीच जा. आत सावली फार नाही आणि चढउतार भरपूर आहे. गुडघ्यांचे पेशंट असाल तर काठी घेऊन जा.

ग्रीक नाट्यगृह टेकडीतच कोरून काढलंय. पांढरट दगडाच्या ओळींवर ओळी, खाली अर्धगोल रंगमंच, आणि लांब कुठेतरी समुद्राची पट्टी. कडेच्या पायऱ्यांनी वरच्या टोकाला पोचेपर्यंत माझी कंबर बोलायला लागली होती. वरद माझ्यापुढे होता आणि शेवटच्या पायऱ्या त्याने चक्क पळत चढल्या. मी वर पोचून धापा टाकत त्यालाच म्हटलं, गुडघ्याला असा झटका देऊ नकोस.

हे मी जरा मोठ्याने म्हटलं असावं. शेजारच्या घोळक्यातून एक चिनी आंटी वळली. अस्सल सिंगापुरी इंग्रजी, डोक्यावर उन्हाची टोपी, पायात चांगले बूट. आमच्याच गावचा ग्रुप निघाला, माणसं वीसेक असतील. आम्ही सेंगकांगचे कळल्यावर तिला कोण आनंद झाला, तिची मुलगी तिथेच राहते. मग सिंगापुरात अठरा वर्षांच्या मुलाला बघितल्यावर कुणीही विचारतं ते तिने विचारलं.

"बॉय एनएस गो ऑलरेडी, ऑर नॉट येट?"

आणि मी, दमलेली बाई, त्या अनोळखी आंटीला सगळं सांगून बसले. पुढच्या महिन्यात जातोय, गुडघा रोज दुखतो, मेडिकलला सांगितलं नाही, ऐकत नाही. आंटीने प्रकरण हातातच घेतलं. तिच्या पुतण्याचं असंच झालं होतं म्हणे. तिने वरदचा दंड धरून त्याला सगळ्या नाट्यगृहाला ऐकू जाईल अशा आवाजात बजावलं की पेन असेल तर मेडिकल ऑफिसरला सांगायचं, हिरो बनायचं नाही. ग्रीकांनी जागा अशी बांधलीय की खालच्या माणसाचं वर ऐकू येतं. वरचंही खाली जात असावं, कारण रंगमंचापाशी फोटो काढणारं जपानी जोडपं मान वर करून बघायला लागलं. वरदचे कान लाल झाले. तो "येस आंटी, थँक यू आंटी" म्हणाला आणि पायऱ्या उतरून निघून गेला. शिरीष माझ्याकडे न बघता त्याच्या मागे गेला.

मी एकटी मागे राहिले. माझं चुकलं होतं हे कळत होतं, आणि तरी मुद्दा माझाच बरोबर आहे हेही वाटत होतं. दोन्ही एकदम वाटलं की माणूस फार थकतो.

नाट्यगृहाच्या पलीकडे जुन्या दगडाच्या खाणी आहेत. आता तिथे लिंबा-संत्र्यांची बाग आहे, पक्षी ओरडत असतात, सुंदर आहे जागा. पण हरलेल्या अथेन्सच्या हजारो पोरांना इथेच कोंडून ठेवलं होतं. दिवसा ऊन, रात्री थंडी, मोजकं धान्य आणि मोजकं पाणी. बहुतेक सगळी मेली. माहितीचा फलक मी पूर्ण वाचला नाही. वरच्या कड्याकडे बघत राहिले आणि मनात आलं, यांच्या आयांना महिनोन्‌महिने कळलंही नसेल.

त्याच खाणीत ती प्रसिद्ध गुहा आहे. डायोनिसियसचा कान म्हणतात तिला. कड्याला पडलेली एक उंच, अरुंद, वळणदार चीर, वरती टोकदार होत गेलेली, खरंच कानासारखी. गोष्ट अशी सांगतात की इथला हुकूमशहा कैद्यांना आत कोंडायचा आणि वरच्या भोकाशी कान लावून त्यांची कुजबुज ऐकायचा. गुहेत आवाज वाढतो, दगडाच्या अंगाने सरकत दूरवर जातो. गोष्ट खरी असो नसो, आवाजाचं खरं आहे.

मी पोचले तेव्हा आंटीचा ग्रुप आत होता, कुणी टाळ्या वाजवत होतं, कुणी "हॅलो" करत होतं. गाइड बाईने एक लांब सूर लावला आणि तो बराच वेळ विरला नाही. शिरीष आणि वरद अगदी आतल्या टोकाला, अंधारात, पाठमोरे उभे होते. मला तिथवर जायचं त्राण नव्हतं. वळणापाशीच एका दगडाला पाठ टेकून उभी राहिले. ग्रुप शांत झाला, प्रत्येक जण वर बघत होता.

आणि मला वरदचा आवाज आला. मराठीत.

हे सांगायला हवं की वरद आमच्याशी इंग्रजीत बोलतो, मध्ये चार मराठी शब्द टाकून. मराठी सगळं समजतं, बोलताही येतं, पण सलग मराठी तो आजीच्या फोनसाठी राखून ठेवतो. त्या दिवशी आंटी त्याच्यापासून हातभरावर उभी होती. तिला कळू नये म्हणून त्याने मराठी काढली. परदेशात आपण सगळेच हे करतो. समोरच्याच्या टोपीपासून बायकोपर्यंत सगळ्यांविषयी बिनधास्त बोलतो, इथे कुणाला कळतंय म्हणून. फक्त कुजबुज लपत नाही अशी ज्या जागेची ख्याती, तिथे कुणी करू नये.

"गुडघा दुखत नाही, बाबा. कधीच थांबलाय दुखायचा."

शिरीष काय म्हणाला ते नीट आलं नाही. मग रोज तेल कशाला लावून घेतोस, असं असावं. पुढचं मात्र शब्दन्‌शब्द आलं, जरा फुगलेलं, जणू कुणी माझ्या खांद्यामागून सांगतंय.

"कारण तेवढाच वेळ आई बसते. नको म्हटलं तर ती परत किचनमध्ये जाऊन उभी राहणार. पाय तिचेच दुखतात, बाबा. संध्याकाळी बघ ना, ती भिंतीला धरून चालते. माझा पाय घेतला की घटकाभर टेकते."

"अरे, पण म्हणूनच ती त्या मेडिकलच्या मागे लागलीये."

"आय नो. आता सांगता पण येत नाही." मग थोडं थांबून, "मी गेल्यावर तू काहीतरी दुखवून घे ना."

"माझं काय दुखणार?"

"खांदा सांग. खांद्याला खूप वेळ लागतो."

मी तिथून बाहेर आले. बागेत एका बाकावर बसले आणि रडले. फार नाही, नाकाचा शेंडा लाल होण्याइतकं. घटकाभर टेकते, हे शब्द सिंगापुरात वाढलेल्या या मुलाने माझ्या तोंडून उचलले होते. त्याला वाटत होतं तो आईला फसवतोय. माझी सबंध नोकरी गुडघ्यांवर गेली. सूज नाही, सांधा मोकळा फिरतोय, मांडीचा स्नायू दोन्हीकडे सारखा भरलाय, हे माझ्या बोटांना काय ठाऊक नव्हतं? हॉस्पिटलात असा पेशंट आला असता तर मी पहिल्या दिवशी हात जोडून घरी पाठवला असता. बोटांना ठाऊक होतं आणि मी त्यांना विचारत नव्हते. त्या तेलाच्या वेळेखेरीज तो माझ्याजवळ बसायचाच कधी?

ते दोघं बाहेर आले. वरदने माझ्या खांद्यावरची पिशवी काढून घेतली. मी म्हटलं, चला, गावात जाऊन कॉफी पिऊ. शिरीषने आठवण करून दिली की त्या दिवशीच्या यादीत अजून रोमन अँफिथिएटर आणि म्युझियम होतं. मी म्हटलं, राहू दे, दगड काही पळून जात नाहीत. दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

कथेड्रलच्या चौकात आम्ही टेबलाशी बसलो. बसल्याचे पैसे वरदने दिले. समोर सगळा चौक पांढऱ्या दगडाचा, उन्हात जरा पिवळट झालेला, मुलं फुटबॉल खेळतायत, म्हाताऱ्या बायका हातात हात घालून फेऱ्या मारतायत. मी चांगली तासभर बसले. कॉफी संपली, मग बदामाचं ते मऊ बिस्किट मागवलं, इथली खासियत आहे, जरूर खा. माझे पाय खरंच दुखत होते. बसल्यावरच कळतं ते.

उरलेले दिवस आम्ही सहा-सात-आठ केलं नाही. पुराणवस्तूंचं म्युझियम बघितलं नाही, ज्यांना माहिती हवी त्यांनी दुसरा ब्लॉग शोधावा. आरेतुझाचं गोड्या पाण्याचं कुंड बघितलं, समुद्राला खेटून आहे आणि त्यात पपायरसची झाडं वाढतात. समुद्रकाठच्या कठड्यावर बसून संत्री खाल्ली. संध्याकाळी फ्लॅटवर मी पुन्हा म्हटलं, आण तो पाय, आणि त्याने उजवा पाय दिला. दुखतंय का हे मी विचारलं नाही. परतीच्या विमानात त्यानेच विषय काढला, बहुधा मी काढीन या भीतीने.

"आई, दॅट मेडिकल थिंग..."

"तुझं तुला ठरव," मी म्हटलं. "चिठ्ठी नको म्हणून सांगते मी डॉक्टरांना."

तो संशयाने बघत राहिला. शिरीषने पेपर खाली केला आणि पुन्हा वर केला.

जानेवारीत तो गेला. पहिल्या दिवशी घरच्यांना बरोबर येऊ देतात. बोटीने सैन्याच्या प्रशिक्षणाच्या बेटावर नेतात, मुलं झोपणार त्या खोल्या दाखवतात, त्यांच्यासोबत जेवायला घालतात आणि मग तुम्हाला परत पाठवतात. घरून निघताना मी त्याच्या हातावर दही घातलं. त्याने खाल्लं आणि तळहात चाटला, लहानपणी चाटायचा तसा. बेटावर आजूबाजूला सगळ्या आया हसून फोटो काढत होत्या. मीही काढले.

घरी आलो. संध्याकाळ झाली. मी ओट्याशी उभी होते, भांडी तरी आवरून घेऊ म्हटलं. मागून शिरीष आला, जरा घुटमळला, घसा साफ केला.

"अगं, हा खांदा जरा धरल्यासारखा वाटतोय."

मी नळ बंद केला. त्याने डोक्यावरून हात नेऊन दाखवला, सहज, कुठेही न अडकता. मी गंभीर चेहऱ्याने म्हटलं, खांद्याला वेळ लागतो, रोज बघावं लागेल. तो लगेच खुर्चीत बसला. तेव्हापासून रोज संध्याकाळी मी अर्धा तास बसते आणि एका ठणठणीत खांद्याला तेल चोळते. दुपारी हॉस्पिटलातल्या खऱ्या खांद्यांना एवढा वेळ मिळत नाही.

सहलीतून काय उरलं, असं अशा लेखांच्या शेवटी लिहायचं असतं. फ्रिजवर चिकटवलेला कथेड्रलचा मॅग्नेट आहे. खांबांचे फोटो आहेत, सगळे थोडे तिरके. आणि हा अर्धा तास आहे. खांदा झाला की मी उठत नाही, तिथेच बसून लिहिते. हा लेख तसाच लिहून झालाय. शिरीष माझा ब्लॉग वाचत नाही, आणि वरदला मराठी बोलता येतं पण वाचता येत नाही, म्हणून इथे मोकळेपणाने लिहिता येतं. इथे कुणाला कळतंय.

परवा तो पहिल्यांदा सुट्टीवर घरी आला. डोक्याचा चमनगोटा, गाल बसलेले, मान रापलेली. दोन वेळा भात घेतला. जेवण झाल्यावर मी ताटं उचलायला लागले तर म्हणाला, "आई, राहू दे ना. बस जरा." आणि सोफ्यावर पाय पसरला.

"दुखतोय?" मी विचारलं.

"हो, थोडंसं. आतल्या बाजूला."

त्याने डावा पाय पसरला होता. शिरीषच्याही लक्षात आलं, तो पटकन खिडकीतून बाहेर बघायला लागला. मी तेलाची बाटली घेतली, त्याचा डावा पाय मांडीवर ओढला आणि बसले.